बारा मैलांची पळवाट

चारठाणा आणि परिसरातील नागरिकांसाठी

मराठवाड्यातल्या कुठल्याही आठवडी बाजारासारखा चारठाण्याच्या बाजारातही सुकटीचा वास आधी येतो आणि ढीग मागाहून दिसतो. मापट्याने मोजून आणलेली सुकट घरी ताटात पसरून निवडायला बसले, की जवळ्याच्या गुलाबी काड्यांमध्ये काही वेगळेच हाताला लागते. पेराएवढा ढोमा, करंगळीएवढी मांदेली, आणि क्वचित कधी रुपयाच्या नाण्याएवढे, कागदासारखे पातळ, चंदेरी काहीतरी. ते पापलेटचे पिल्लू असते. निवडणारी बाई ते खड्यासारखे बाजूला टाकते, नाहीतर तव्यावर सुकटीबरोबरच परतते.

हाच मासा सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडायचा नाही आणि विकायचाही नाही. चंदेरी पापलेटसाठी ही मर्यादा १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे साधारण तळहात आणि वर थोडी बोटे. ताटातले पिल्लू या मापाच्या पाव हिश्श्याएवढेही भरत नाही. गुन्हा घडला समुद्रात आणि मुद्देमाल चारशे किलोमीटरहून जास्त प्रवास करून चारठाण्याच्या चुलीवर आला. वाटेत कोणी त्याला हटकले नाही.

समुद्राचे पत्रक चारठाण्यात कशाला, असा प्रश्न इथेच कोणीतरी विचारेल. इथल्या माणसाला गोकुळेश्वराच्या बारवेतले पाणी ठाऊक, येलदरीचे ठाऊक. खाऱ्या पाण्याशी त्याचा काय संबंध? संबंध मुंबईच्या विधानभवनात आहे. राज्याच्या किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंत, मासेमारीचा कायदा विधिमंडळ करते. विधानसभेचे आमदार २८८. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या किनारी जिल्ह्यांचे सगळे मिळून ७५ होतात. उरलेले २१३ आमदार ज्या मतदारसंघांतून येतात तिथे समुद्र नाही, आणि जिंतूर त्यांतलाच एक. समुद्राच्या कायद्यावर बहुमत घाटावरचे आहे. डिझेलच्या परताव्यापासून गस्तीनौकेच्या भाड्यापर्यंतचा पैसाही राज्याच्या एकाच तिजोरीतून जातो. त्या तिजोरीत चारठाण्याचा दुकानदार आणि शेतकरी दोघेही भर घालतात.

आता पळवाटेकडे वळू.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मासेमारी हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. मात्र प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राच्या सूचीत टाकली आहे. बारा मैलांच्या आत राज्य आणि तिथून दोनशे मैलांपर्यंत केंद्र, अशी ही वाटणी. कागदावर ती स्वच्छ दिसते. पाण्यावर रेघ नसते. रात्री आठ वाजता एखादी बोट अकराव्या मैलावर आहे की तेराव्या, हे बोट हाकणाऱ्या तांडेलाला ठाऊक आणि दर्याला ठाऊक. गस्तीवाल्याने पकडलेच तर बोट ‘बाहेर’ होती असे सांगता येते. बाहेरच्याने विचारलेच तर ती ‘आत’ जात होती.

या फटीतून काय निसटते ते एकदा नीट पाहायला हवे. पर्ससीन हे जाळे बटव्यासारखे असते. मासळीचा थवा दिसला की बोट त्याच्याभोवती गोल फिरते आणि जाळ्याची भिंत उभी करते. मग तळाच्या कड्यांमधून ओवलेली दोरी यंत्राने ओढली जाते. बटव्याची नाडी आवळावी तसा तळ बंद होतो आणि थवाच्या थवा आत सापडतो. थवा दिसला नाही तर तो बोलावण्याचीही सोय आहे. जनित्रावर चालणारे हजारो वॉटचे एलईडी दिवे पाण्यावर आणि पाण्याखाली लावले, की बांगडा आणि म्हाकूल उजेडाकडे धावत येतात. मोठा, लहान, गाभोळीने भरलेला, अशी निवड त्यात नसते. किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या, मालवणच्या वाळूत रात्री उभ्या राहिलेल्या रापणकराला समोर क्षितिजावर जत्रा भरल्यासारखी दिसते. सकाळी पन्नास माणसांनी ओढलेल्या त्याच्या रापणीत दोन टोपल्याही भरत नाहीत.

हे थांबवायला कायदे नाहीत असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. पर्ससीनचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ ला राज्याने पर्ससीनला वेसण घातली. नवे परवाने बंद झाले, आहेत ते टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे ठरले, आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच राहिला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने आपल्या हद्दीत एलईडी आणि दोन बोटींनी मिळून ओढायच्या जाळ्यावर बंदी आणली. २०२१ मध्ये राज्याने आपला कायदा दुरुस्त करून दंडाला दात बसवले. एलईडी लावून पकडलेल्या बोटीला पहिल्या वेळी पाच लाख आणि पुन्हा पुन्हा पकडली तर वीस लाखांपर्यंत दंड झाला. पूर्वी अशी प्रकरणे तहसीलदाराकडे जात. सातबारा, दुष्काळ आणि निवडणूक यांच्या फायलींखाली बोटीची फाईल दबलेली असे. आता मत्स्यव्यवसाय विभागाचाच अधिकारी निर्णय देतो. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरू लागले.

कागदाची एवढी चळत असूनही जत्रा भरते, कारण हे सगळे कागद एकमेकांशी बोलत नाहीत. मत्स्यव्यवसाय विभाग राज्याचा, सागरी पोलीस गृहखात्याचे, तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाचे, कासवे आणि देवमासे वनखात्याचे. तटरक्षक दलाकडे वेगवान जहाजे आहेत, पण त्यांचे पहिले काम देशाचे रक्षण. मत्स्य विभागाकडे अधिकार आहे, पण गस्तीची बोट वर्षानुवर्षे भाड्याची. कर्नाटकातल्या मलपीच्या अतिवेगवान ट्रॉलरच्या मागे अशी भाड्याची बोट लावणे म्हणजे फटफटीच्या मागे बैलगाडी सोडणे होय. मग मालवणचे मच्छीमार स्वतःच समुद्रात जातात, परराज्यातल्या बोटी अडवतात आणि प्रकरण हातघाईवर येते. सरकार वेळेत पोहोचले नाही की भांडण गरिबाला स्वतःच्या अंगावर घ्यावे लागते.

जानेवारी २०२३ मध्ये हीच फट सर्वोच्च न्यायालयासमोर उघडी पडली. तामिळनाडूने आपल्या बारा मैलांत पर्ससीनवर बंदी घातली होती. न्यायालयाने अंतरिम आदेशात बारा मैलांपलीकडे सोमवार आणि गुरुवार असे दोनच दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, अटी घालून परवानगी दिली. वार आणि वेळसुद्धा न्यायमूर्तींना ठरवावी लागावी, याचा अर्थ केंद्र आणि राज्य यांनी एकत्र बसून जे ठरवायचे ते ठरवले नव्हते. केंद्राकडे परदेशी बोटींसाठी १९८१ पासून कायदा आहे. देशी बोटींसाठी मात्र विधेयकाचे मसुदे निघत राहिले आणि विरत राहिले. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये बारा ते दोनशे मैलांच्या पट्ट्यासाठी नियम आले. त्यांत एलईडीवर आणि दोन बोटींच्या जाळ्यावर बंदी आहे, आणि यांत्रिक बोटींना प्रवेशपास घ्यावा लागतो. चांगले झाले. पण तो पास बंदरावर कोण तपासणार?

मराठवाड्याला हे दुखणे नवे नाही. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ चा. कायद्यात सगळे होते. तरी जायकवाडीत वरून पाणी सोडायची वेळ आली की नाशिक-नगर एकीकडे आणि मराठवाडा दुसरीकडे उभा राहतो, आणि शेवटी कोर्टाची पायरी चढावी लागते. ज्याच्या हातात दरवाजाची चावी त्याने ती फिरवायला नकार दिला, तर खालच्याने कायद्याची प्रत घेऊन काय करायचे? परभणीच्या शेतकऱ्याला कालव्याच्या शेपटाला उभे राहून जे कळले, ते रापणकराला किनाऱ्यावर उभे राहून कळते.

घरातले हे भांडण आता घरापुरते राहिलेले नाही. संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायद्याचा करार १९८२ चा. भारताने तो जून १९९५ मध्ये मान्य केला. या कराराने किनारी देशाला दोनशे मैलांतल्या मासळीवर हक्क दिला आणि त्याला कर्तव्यही जोडले. आपल्या पाण्यातली मासळी अतिमासेमारीने धोक्यात येणार नाही हे त्या देशाने पाहायचे. एका देशातून दुसऱ्या देशात फिरणाऱ्या माशांसाठीचा १९९५ चा करार भारताने २००३ मध्ये स्वीकारला. कुप्यासारख्या माशांवर देखरेख करणाऱ्या हिंदी महासागर ट्यूना आयोगाचाही भारत सदस्य आहे. सही दिल्लीची असते. ती पाळायची वेळ येते तेव्हा दिल्ली मुंबईकडे बोट दाखवते आणि मुंबई जिल्ह्याच्या कार्यालयाकडे. त्या कार्यालयात भाड्याच्या बोटीचे बिल अजून पास झालेले नसते.

आपण पाळले नाही तर दुसरा पाळायला लावतो. कोळंबीच्या ट्रॉल जाळ्यात कासव अडकले की ते श्वासाला वर येऊ शकत नाही, गुदमरून मरते. जाळ्यात एक जाळीदार चौकट आणि वर झडप बसवली की कासव बाहेर पडते आणि कोळंबी आत राहते. ही चौकट न वापरणाऱ्या देशाची समुद्री कोळंबी घ्यायची नाही, असा कायदा अमेरिकेने १९८९ मध्ये केला. भारत, पाकिस्तान, थायलंड आणि मलेशिया त्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. १९९८ मध्ये अपिलात अमेरिकेची पद्धत पक्षपाती ठरली, पण कासवासाठी व्यापार रोखण्याचा हक्क नाकारला गेला नाही. भारताने त्यानंतरची वीस वर्षे काय केले याचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. अमेरिकेने भारताची समुद्रातून पकडलेली कोळंबी थांबवली. मग धावाधाव सुरू झाली. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने भारतीय जाळ्यांना साजेशी चौकट तयार केली आणि केंद्राने तिच्यासाठी शंभर टक्के अनुदान जाहीर केले. एक चौकट वेळेवर बसवली असती तर बाजार गेला नसता.

दुसरा प्रसंग जिनिव्हाचा. जून २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेने मासेमारी अनुदानाचा करार केला. बेकायदा मासेमारी करणाऱ्या बोटीला सरकारने पैसा देऊ नये, हा त्याचा पहिला मुद्दा. १५ सप्टेंबर २०२५ ला हा करार अमलात आला. भारताने तो स्वीकारलेला नाही. आपल्याकडे एका मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर अनुदान मिळते आणि श्रीमंत देशांत हजारो डॉलर, तेव्हा दूर समुद्रात जाऊन महासागर उपसणाऱ्यांनी आधी हात आवरावा आणि गरीब देशांना पंचवीस वर्षांची सवड द्यावी, ही भारताची बाजू. ती खरी आहे आणि सोडू नये. पण ती रापणकराच्या नावाने मांडली जाते. रत्नागिरीच्या क्षितिजावर एलईडीची जत्रा चालू असताना जिनिव्हात रापणकराचे नाव घेणे हा रापणकराच्या नावाचा गैरवापर आहे.

सरकारांना एकत्र काम जमतच नाही असेही नाही. जमले तेव्हा फरक दिसला. पूर्वी पावसाळी बंदीच्या तारखा राज्याराज्यांत वेगळ्या होत्या. एकाची बोट किनाऱ्याला लागली असताना शेजारच्याची त्याच मासळीवर जाळे टाकत असे. आता पश्चिम किनाऱ्यावर बहुतेक ठिकाणी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटी बंद असतात. कोळ्यांचा नारळी पौर्णिमेपर्यंत थांबण्याचा नेम यापेक्षा कितीतरी जुना. सरकारने फक्त त्याला एक तारीख दिली.

त्याहून सुंदर उदाहरण डिसेंबर २०१८ चे. जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा म्हणजे देवमुशी सापडली, तर मच्छीमाराने जाळे कापून तिला सोडावे आणि कापलेल्या जाळ्याचे २५ हजार रुपयांपर्यंत पैसे सरकारने द्यावेत, अशी योजना महाराष्ट्रात वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग यांनी मिळून आणली. देवमुशीला २००१ पासून वाघाइतके संरक्षण आहे आणि तिच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय करार आहेत. पण तिला जिवंत सोडतो तो खलाशाच्या हातातला कोयता. तो कोयता जाळ्यावर चालवायचा तर जाळ्याची भरपाई हवी, हे दोन खात्यांना एकाच वेळी समजले.

आणि हे प्राणी जातात तरी किती लांब? मार्च २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या परावर क्रमांकाची पट्टी बसवली होती: ०३२३३. जानेवारी २०२५ मध्ये तीच कासवीण गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. बंगालच्या उपसागरातून लंकेला वळसा घालून ती कोकणात आली असणार. किती राज्यांच्या बारा मैलांतून ती गेली, किती ट्रॉलरच्या वाटेत आली, ते तिलाच ठाऊक. २०२३ मध्ये गुहागरहून उपग्रह यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ उलट दिशेने बंगालच्या उपसागरात जाऊन पोहोचली होती.

पर्ससीनवाल्यांचेही एक म्हणणे आहे आणि ते ऐकायला हवे. बोटीवर कर्ज आहे, खलाशांच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि पारंपरिक म्हणवणाऱ्यांची डोल जाळी काय कमी बारीक असतात? शेवटचा मुद्दा खोटा नाही. ताटातले ते पापलेटचे पिल्लू बहुधा डोलीतलेच. म्हणूनच नियम सगळ्यांना हवा आणि जाळ्याच्या आसाचे माप प्रत्येकाच्या जाळ्याला लागायला हवे. पण एका रात्रीत थवा उचलणाऱ्याने टोपलीवाल्याच्या आड लपू नये. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्येही बोटी, कर्जे आणि नोकऱ्या होत्या. मासे संपत आहेत हे ऐकायला तिथले सरकार वर्षानुवर्षे तयार नव्हते. २ जुलै १९९२ ला कॉड मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार माणसांचे काम एका दिवसात गेले. व्यावसायिक मासेमारी पुन्हा उघडायला २०२४ उजाडले.

जिंतूर तालुक्यातल्या वाचकाला हीच पळवाट घराजवळ पाहायची असेल तर येलदरीकडे पाहावे. पूर्णा नदीवरच्या या जलाशयात भोई समाजाची माणसे तराफ्यावरून जाळी टाकतात. कतला, राहू, मृगळ यांची बोटुकली सोडली जाते. आफ्रिकन मांगूर मात्र देशात निषिद्ध आहे. तो पाण्यातले दुसरे मासे फस्त करतो, डबक्यात जगतो, आणि एकदा नदीत शिरला की बाहेर काढता येत नाही. अशा परक्या जातींना आवर घालण्याचे वचन भारताने जैवविविधता करारात दिले आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने हा मासा नष्ट करण्याचे आदेश दिले आणि राज्यात काही ठिकाणी टनावारी मांगूर पुरलाही गेला. तरी मांगूर विकला जातो. तळ्याची तपासणी मत्स्य विभागाची, बाजाराची ग्रामपंचायतीची, वाहतुकीची पोलिसांची. इथे बारा मैल नाहीत, पण तीन खाती आहेतच.

मागणी मोठी नाही. बोट बाराव्या मैलावर होती की तेराव्या, हा वाद समुद्रात सुटणार नाही. पण मासळी कुठेही पकडली तरी ती मिरकरवाड्याला, हर्णैला उतरते. बंदर राज्याचे आहे. चोराला समुद्रात शोधण्यापेक्षा धक्क्यावर गाठावे, या कल्पनेवरच २००९ चा बंदरांवरील तपासणीचा जागतिक करार उभा आहे. धक्क्यावर राज्याचा मत्स्य अधिकारी, केंद्राचा प्रवेशपास आणि लांबी मोजायची पट्टी एकत्र आली की बारा मैलांची पळवाट तिथेच बुजते. एलईडीचे जनित्र आणि दिवे बोटीवर चढवले जातात तेही बंदरातच, दिवसाढवळ्या. दंड झालेल्या बोटीचा डिझेल परतावा त्याच हंगामात बंद करावा. याला नवा कायदा लागत नाही आणि जिनिव्हाची परवानगीही लागत नाही.

चारठाण्याच्या माणसाने यासाठी कोकणात जायची गरज नाही. माहितीच्या अधिकाराचा अर्ज मत्स्यव्यवसाय आयुक्तांच्या कार्यालयाला टाकता येतो. त्याला दहा रुपये लागतात. एलईडी आणि पर्ससीनच्या प्रकरणांत दंड किती ठोठावला, वसूल किती झाला आणि त्यांतल्या किती बोटींना नंतर डिझेल परतावा मिळाला, हे तीन प्रश्न पुरेत. जिंतूरच्या आमदारांना आणि परभणीच्या खासदारांना हेच प्रश्न सभागृहात विचारायला सांगावे. ग्रामसभेत दोन ठराव मांडावेत: धक्क्यावरच्या संयुक्त तपासणीची मागणी करणारा एक, आणि गावच्या बाजारात मांगूर विकू न देण्याचा दुसरा.

यंत्राच्या बोटी १ जूनला किनाऱ्याला लागतात. ग्रामसभा १ मे रोजी आहे.